एका गाईचं गवत

तुझ्या लहानपणाच्या वहीत आयर्लंड कशाला घुसडतेस, असं माझी मुलगी वैशाली विचारते. आतापर्यंतची पानं तिने वाचली आहेत. आमचं गाव, ओढा, ओढ्याकाठचं उंबराचं शेत, चौथीनंतर भाऊ पाचवीला गेले आणि मी म्हशींमागे गेले ते. तिला वाटतं, माझं लग्न झालं तिथे वही संपवावी. मी म्हणते, मी लग्नात मोठी झाले नाही. पोरं झाली तेव्हाही नाही. साठी उलटून गेल्यावर, परक्या मुलखात, एका दगडी भिंतीच्या अलीकडे उभी राहून मी मोठी झाले, आणि ते काही चांगल्या कामाने झालं नाही. मी एका बाईचं वाटोळं व्हायला हातभार लावला. ते लिहिल्याशिवाय वही बंद करणार नाही. ज्याला गोड आठवणी हव्यात त्याने हे प्रकरण सोडून द्यावं.

वैशाली स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर. जावई नीलेश कंप्युटरवाला, त्याचं ऑफिस डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकच्या काचेच्या इमारतीत. मी नात सईला सांभाळायला तीन महिन्यांसाठी गेले होते. कोरोना आला. विमानं बंद, नीलेशचं ऑफिस बंद, सईची शाळा बंद, आणि माझे तीन महिने पावणेदोन वर्षं चालले. मध्ये विमानं सुरू झाली तेव्हा वैशाली म्हणाली, आई, थांब ना. म्हणजे स्वयंपाकाला थांब. थांबले. घर भाड्याचं, शहरापासून लांब, रस्ता एवढा अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. नीलेश झोपायच्या खोलीचं दार लावून दिवसभर इंग्रजीत बोलायचा. वैशाली रात्रपाळी करून आली की बाहेरच्या शेडमध्ये कपडे बदलायची, तोवर आम्ही तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, आणि फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो. मग सई खुर्चीवर चढून त्याला पुठ्ठ्याने वारा घालायची. ती तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर तिकडच्या हेलातल्या इंग्रजीत, मध्ये थोडे मोडके मराठी शब्द, त्यांवरून मी अर्थ लावायचे. कपाटाला 'प्रेस' म्हणायची. मी विचारायचे, इस्त्रीत कशाला ठेवलीस गं ताटं? ती म्हणायची, "आजी, यू आर गॅस." गॅस म्हणजे विनोदी, हे मला पुढे कळलं. अख्ख्या दिवसात माझ्याशी जे धड मराठी बोललं जायचं ते एवढंच, "आई, चहा आहे का?"

तिथली शांतता लोकांना फार आवडते. मला ती बहिऱ्या माणसाच्या कानासारखी वाटायची. पाऊससुद्धा आवाज न करता पडायचा, नुसता भिजवायचा. अशात एक दिवस गाय हंबरली. वासरू नजरेआड गेल्यावर गाय हंबरते तो आवाज जगात कुठेही सारखाच असतो. मी हातातलं कणकीचं भांडं ठेवलं, साडीवर वैशालीचं जाकीट चढवलं आणि परसदारी गेले. भिंतीपलीकडे पुरुषी बूट घातलेली, कोटाला सुतळी बांधलेली एक बाई लव्हाळ्यात काठीने काही तरी शोधत होती. माझ्याच वयाची. मी तिला हाताने दाखवलं, तिथे नाही, त्या खड्ड्याकडे. गाय त्या बाजूला तोंड करून हंबरत होती, एवढंच. वासरू खड्ड्यातच होतं. तिने ते मागच्या पायांना धरून ओढून काढलं, तोंडातला चिखल बोटाने खरवडला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ग्रँड." तिचं नाव नोरा.

नोरा आणि तिचा भाऊ टॉम. दोघंही बिनलग्नाचे, त्याच घरात जन्मलेले. मांसासाठी पाळतात तसल्या अठरा गाई, पाणथळ जमीन, लव्हाळं माजलेलं. टॉम ट्रॅक्टर चालवायचा. रस्त्यात भेटला की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, तो त्याचा रामराम. बाकी सगळं नोरा. गाय अडली की हात घालणारी नोरा, खुराड्याची, चुलीची, गोठ्याची नोरा. घरच्या दुधाची एक गाय वेगळी होती, रोझी नावाची, तांबडी, एका शिंगाची. तिला नोरा हाताने पिळायची. त्या रस्त्यावर आता कोणीच हाताने दूध काढत नाही, दूध दुकानातून आणतात, असं सई तिचं ऐकून मला सांगायची.

आमचा एक नेम पडला. सकाळी अकरा वाजता मी आणि सई भिंतीपाशी जायचो. नोरा काळाकुट्ट चहा मगमध्ये घालून भिंतीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. मग मी पुढे होऊन उचलायचा. कोरोनाचा नियम. तिच्याकडचा सोडा घालून केलेला पाव, वर लोणी. माझ्याकडचं थालीपीठ, ज्वारीचं पीठ संपल्यावर तिकडच्या ओटच्या पिठाचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुम्ही हे रोज खाता?" म्हणाली. खाऊन झाल्यावर दुसरं मागितलं. रोझी व्याली तेव्हा तिने चिकाची बाटली भिंतीवर ठेवली. मी खरवस केला, वेलची घालून. नोराने तो उभ्या उभ्या चमच्याने खाल्ला, डबा खरवडून. शेवटी सईला म्हणाली, माझी आई या दुधाचे पॅनकेक करायची, ती गेल्यापासून कोणी केलं नाही, सगळ्यांना ते ओंगळ वाटतं. मी सईला म्हटलं, सांग तिला, ओंगळ म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती. सईने काय सांगितलं देव जाणे, पण नोरा हसली.

वरच्या अंगाला, रस्ता वळतो तिथे, काळी झाडं होती. सुईसारख्या पानांची, सरळ रांगेत लावलेली, एवढी दाट की आत दुपारी अंधार. कोण्या लांबच्या कंपन्या शेतं विकत घेतात आणि ही झाडं लावतात, लाकडासाठी. खाली गवत उगवत नाही. नोरा काठीने दाखवायची, तिथे अमक्याचं घर होतं, तिथे दोघी बहिणींचं, ते बघ, झाडांमध्ये अजून चिमणी दिसते. मी म्हणायचे, घरंसुद्धा पेरली का त्यांनी? ती म्हणायची, पेरली नाहीत, पुरली.

टॉम हिवाळा सरताना गेला, कोरोनानेच. इस्पितळात कोणाला जाऊ देत नव्हते. चर्चमध्ये दहाच माणसं चालणार होती, म्हणून बाकीची माणसं त्या अरुंद रस्त्याच्या कडेला उभी राहिली, एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक जण आपापल्या फाटकापाशी. मीही डोक्यावर पदर घेऊन पावसात उभी राहिले. टॉमची शवपेटी घेतलेली गाडी चालत्या माणसाच्या गतीने आली. गोठ्यापाशी थांबली, तेवढ्यात गाई कठड्याला आल्या. कोणी रडलं नाही, बोललं नाही. मला ते पटलं. आमच्याकडे त्या वेळी कोण मोठ्याने रडतं ते बघायला माणसं येतात.

मग मृत्युपत्र निघालं. टॉमने ते तरुणपणी केलेलं होतं, आणि बापाच्या मृत्युपत्रावरून शब्दाला शब्द उतरवलं होतं. जमीन, घर, गाई पुतण्याला. पुतण्या डेक्लन, डब्लिनला नोकरीला. आणि नोराला काय, तर मरेपर्यंत घरात राहायचा हक्क, चुलीचा हक्क, आणि एका गाईचं गवत. म्हणजे त्या जमिनीत एक गाय चारण्याइतका हक्क. पन्नास वर्षं अठरा गाईंच्या शेणात हात घातलेल्या बाईला एका गाईचं गवत. सईने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नीट विचारून ये. ती परत विचारून आली. तेच.

पण ते एका गाईचं गवत फार मोठं होतं, हे मला कळायला वेळ लागला. डेक्लनला जमीन त्या झाडंवाल्यांना विकायची होती, आणि जिच्यात कोणाच्या गाईचा चरायचा हक्क आहे ती जमीन ते घेत नव्हते. म्हणून एक दिवस तो कागद घेऊन आला. गोरापान, गोड बोलणारा, अंगणातल्या चिखलात पांढरे बूट घालून. नीलेश खिडकीतून बघून म्हणाला, एखादे वेळी आम्ही एकाच रांगेत उभे राहून कॉफी घेतली असेल. कागदावर एवढंच होतं, की नोरा आपला हक्क सोडते. तोंडाने मात्र त्याने बरंच सांगितलं. आत्या, तू घरात हवी तेवढी राहा. घराजवळचा तुकडा आणि रोझी तुझीच. हे नुसतं वकिलाच्या कामासाठी. वकिलाने नोराला फोनवर सांगितलं की सही करण्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी सल्ला घ्या, पंधरा दिवस घ्या. नोरा म्हणाली, या गावात वकील दोनच, आणि ते एकमेकांचे मेव्हणे.

घरी मी हे जेवताना सांगितलं. वैशाली दमलेली होती, तरी तिने घास थांबवला. "आई, तू काही सांगायला जाऊ नकोस हं. तिने स्लायगोचा वकील बघावा, मी नंबर देते." नीलेश म्हणाला, "आई, त्यांचं घरचं मॅटर आहे. आपण कशाला पडायचं?" दोघं बरोबर होते. पण अडाणी माणसाला एकदा कोणी सल्ला विचारला की त्याला तोंड आवरत नाही. मला तर आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं होतं.

नोराने दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी विचारलं. चहा ठेवला, मागे सरली, काठीवर हनुवटी टेकली.

"सुमन, तुमच्याकडे असं झालं की बहीण काय करते?"

"सही करते," मी म्हटलं.

"तू केलीस?"

"केली की."

आणि मी तिला सगळं सांगितलं, सई एकेक वाक्य तिकडे पोचवत होती. वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांची, वैशाली पोटात. दोघं भाऊ हिरवं लुगडं आणि नारळ घेऊन सासरी आले, मला एसटीने तालुक्याला नेलं. कचेरीत कारकुनाने विचारलं, अंगठा का सही? मी म्हटलं, सही. मला त्याचाच अभिमान. चौथीत गिरवलेल्या अक्षरात नाव लिहिलं आणि वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडला. त्या दिवशी भावजयीने पुरणपोळी केली, तूप वाढताना हात आखडला नाही. सगळं गाव म्हणालं, बहीण असावी तर अशी. जमीन काय करायची, माहेर उघडं राहिलं पाहिजे.

नोरा ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि राहिलं?"

हा प्रश्न सईने मला मराठीत विचारला. एरवी बहुतेक इंग्रजीतच बोलणारी पोर, तेवढा एक प्रश्न तिने मोडक्या मराठीत विचारला, "आजी, मग ते ओपन राहिलं?"

खरं उत्तर असं होतं. आई गेली त्यानंतर नऊ वर्षं मला माहेरहून कोणी बोलावलं नव्हतं. शेवटी मी आपण होऊन गेले तेव्हा मला ओटीवरच चहा दिला, आणि भावजयीने कप उचलता उचलता विचारलं, शेवटची गाडी किती वाजताची आहे वन्सं? भाऊबीजेला फोन यायचा, तोही गेली काही वर्षं नुसता फुलांचा फोटो. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, वैशालीला सांगितलं नाही. माहेरची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही, हे आम्हाला आईच्या दुधातून पाजतात. मग गोऱ्या बाईपुढे कशी मांडणार? मी म्हटलं, "राहिलं म्हणजे काय, दर भाऊबीजेला दोघं भाऊ गाडी घेऊन न्यायला येतात. चार दिवस सोडत नाहीत. सांग तिला, सई."

सईने सांगितलं. नोराने चहा संपवला आणि उरलेला गाळ गवतात ओतला. म्हणाली, "छान आहेत तुझे भाऊ." चार दिवसांनी तिने सही केली. वकिलाने सांगितलेला सल्ला तिने घेतला होता. तो सल्ला म्हणजे मी.

पुढचं पटपट झालं. उन्हाळा लागायच्या आत गाई गेल्या. तिकडचा बाजारसुद्धा तेव्हा फोनवर आला होता. जनावरं रिंगणात फिरवायची आणि घेणाऱ्याने घरी बसून बोटाने बोली करायची. ट्रक आला, दोन माणसांनी गाई चढवल्या, आणि शेवटी ती माणसं रोझीला न्यायला आली. नोरा म्हणाली, ही नाही, ही माझी. डेक्लन म्हणाला, आत्या, कळपाचा नंबर टॉमकाकाच्या नावावर होता, सगळी जनावरं त्या नंबरावर आहेत, तुझ्या नावावर कळपच नाही, मी काय करू? तिकडे प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला असतो आणि प्रत्येक शेतकऱ्याला सरकारी नंबर. त्या अठरा गाईंच्या आणि त्यांच्या आयांच्या वेणा जिने सोडवल्या तिला नंबर नव्हता. मी भिंतीपाशी उभी होते. मला वाटलं, आता ही काठी घालेल त्याच्या डोक्यात. मी असते तर घातली असती, असं मला तेव्हा वाटलं. पण मी कुठे घातली होती? नोराने रोझीच्या गळ्यातला दोर स्वतः सोडला आणि त्या माणसाच्या हातात दिला, म्हणाली, हिला डावीकडून चढवा, शिंग लागतं तिचं. मग आत गेली आणि दुधाची बादली घासत बसली. आत पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. दुसऱ्या दिवसापासून तोही नाही. इतक्या वर्षांचे सगळे आवाज त्या रस्त्यावरून गेले, आणि ज्या शांततेचं लोक एवढं कौतुक करतात ती उरली.

नंतर नोरा रिकाम्या गोठ्यात पाय घसरून पडली, खुबा मोडला. रिकाम्या गोठ्यात कशाला गेली होती म्हणून सगळे विचारत होते. मी विचारलं नाही. पन्नास वर्षांचं पाऊल सकाळी कुठे जाणार? इस्पितळातून तिला परत घरी आणलं नाही. घर ओलं आहे, जिने आहेत, एकटी कशी राहणार, असं डेक्लन म्हणाला. राहायचा हक्क कागदावर असता तर त्याला घर दुरुस्त करावं लागलं असतं, हे वैशालीने मला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. नोराला स्लायगोजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आठ दिवसांनी शेतात खुंट्या ठोकायला माणसं आली. त्यांच्या खुंट्यांना गुलाबी फिती होत्या. मी एक उपटली. वेडेपणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी ठोकली.

याच दिवसांत बाळूचा फोन आला, माझ्या धाकट्या भावाचा. चित्रातला फोन, तोंड दिसणारा. "अक्का, कशी हायस? थंडी लई का तिकडं?" मी तेव्हाच ओळखलं. त्याच्यामागे भावजय उभी होती, तीही हसत होती. गोष्ट अशी, की पूर्वीच्या कागदात एक गट लिहायचा राहून गेला होता. उंबराचं शेत. रस्ता रुंद होणार, त्या जागेवर पेट्रोल पंप टाकणारं गिऱ्हाईक आलंय, आणि उताऱ्यावर तुझं नाव निघालंय. तिकडेच कुठल्या वकिलासमोर सही कर आणि कागद पाठव. "आता तू काय परकी हायस का, अक्का? माहेर तुझंच हाय." मी म्हटलं, बघते. खरं सांगायचं तर सही करायचीच असं माझ्या मनात होतं. चाळीस वर्षांची सवय. कोणी माहेर म्हटलं की माझा हात आपोआप पेन शोधतो.

रविवारी वैशाली मला आणि सईला नोराकडे घेऊन गेली. पोरांना आत सोडत नव्हते, आणि सईशिवाय मी बोलणार कशी? म्हणून आम्ही बाहेर खिडकीपाशी उभ्या राहिलो, आणि आतल्या बाईने काच बोटभर उघडली. नोरा खुर्चीत होती. अंगावर कोणाचा तरी गुलाबी स्वेटर. केस विंचरलेले. तिला मी कधी विंचरलेली पाहिली नव्हती. मी खरवस नेला होता, दुकानातल्या दुधाचा, पावडर घालून केलेला, डबा वैशालीने दारातून आत दिला. तिने डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावलं.

मी म्हटलं, "सई, सांग तिला. मी खोटं बोलले होते. माझे भाऊ मला न्यायला येत नाहीत. नऊ वर्षं कोणी बोलावलं नाही. मला लाज वाटली म्हणून बोलले."

सई माझ्याकडे बघत राहिली. "आजी, रिअली?"

"सांग तू."

तिने सांगितलं. नोराने डबा मांडीवरून बाजूला ठेवला. मग बोलली ते हळू, पण सईचा चेहरा पडला.

"काय म्हणाली?"

"शी सेज, हे तू तेव्हा सांगायला पाहिजे होतं. शी सेज, तिला डाउट होता. तिला वाटलं तुझ्याकडे बघून, की ओके, होतं कधी कधी चांगलं." मग सई म्हणाली, "शी इज रिअली क्रॉस, आजी. राग आलाय तिला."

"असू दे. बरोबर आहे तिचं."

मी माफी मागितली नाही. माफी मागितली की समोरच्याला काही तरी द्यावं लागतं, आणि तिच्याकडे देण्यासारखं काही ठेवलं नव्हतं आम्ही. मी तिला बाळूच्या फोनचं सांगितलं, उंबराच्या शेताचं, राहून गेलेल्या नावाचं. आता ती पुढे वाकली. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जुनी नोरा दिसली, खड्ड्यातून वासरू ओढणारी.

"केवढं आहे ते शेत?"

"लहान आहे. ओढ्याकाठची पट्टी. मी तिथे म्हशी चारायचे."

"किती गाई चरतील?"

मी विचार केला. उंबराखाली दगड, पलीकडे पाणी. "एक. कशीबशी एक."

नोरा म्हणाली, "मग सही करू नकोस." आणि आतल्या बाईला खिडकी लावायला सांगितली, वारा लागतो म्हणून.

गाडीत बसायच्या आधी, तिथल्याच अंगणात उभी राहून मी बाळूला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्ही चालू होता. मी म्हटलं, "बाळू, माहेर माझंच आहे ना? मग माझं नाव राहू दे की त्याच्यावर." तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते. मग त्याला कळलं. "अक्का, तुला कोणी तरी शिकवलंय. जावयानं शिकवलं का?" मी म्हटलं, "जावयाला यातलं ओ की ठो माहीत नाही." तो म्हणाला, "म्हातारपणी पैशाची हाव सुटली व्हय तुला?" मग भावजयीने फोन घेतला आणि तिला चाळीस वर्षांत जे बोलायचं होतं ते बोलली. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "शेवटची गाडी किती वाजताची आहे, ते तेवढं सांगायचं राहिलं तुझं." आणि फोन बंद केला. आत वैशाली स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. रस्त्यात तिने गाडी थांबवून मला चहा घेऊन दिला. तिच्याकडून एवढंच अपेक्षित असतं, आणि तेवढं पुष्कळ असतं.

त्या हिवाळ्यात मी परत आले. नोरा पुढच्या वर्षी गेली. तिला त्याच अरुंद रस्त्याने नेलं, तिने तसं सांगून ठेवलं होतं. पण कडेला उभं राहायला त्या रस्त्यावर आता होतं कोण? वैशाली आणि सई उभ्या राहिल्या. सईने मला फोटो पाठवला, भिंत तीच, पलीकडे गुडघाभर उंचीची काळी रोपं, सरळ रांगेत, नोराच्या खिडकीपर्यंत गेलेली. डेक्लन वाईट माणूस नव्हता, असं नीलेश अजून म्हणतो. माझे भाऊ तरी कुठे वाईट आहेत? वाईट कोणीच नसतं. सगळे चांगलेच असतात, आणि बायका खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असतात. मला या चांगल्या माणसांचा वीट आला आहे. आणि माझा स्वतःचा, की एवढं कळायला मला दुसरीचं घर जावं लागलं.

मी काही मोठं केलं असं कोणी समजू नये. पंप दुसरीकडे झाला, शेत पडून राहिलं, भाऊ बोलत नाहीत, गाव मला हट्टी म्हातारी म्हणतं. नोराला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. शेतात गाजरगवत माजलं होतं, ते मी मजूर लावून दोनदा काढलं. गेल्या वर्षापासून शेजारच्या रंजनाची गाय तिथे चरते. बाळूने तिला हटकलं, कोणाला विचारून बांधलीस म्हणून. मी काठी टेकत गेले आणि म्हटलं, माझ्या हिश्श्यात एका गाईचं गवत आहे, तेवढंच खाते ती.  हा शब्द कुठला, त्याला काय ठाऊक.

दर वर्षी मी तालुक्याला जाऊन त्या गटाचा उतारा काढते. तिथली मुलगी म्हणते, आजी, परत? यात बदलत नाही हो काही. मी म्हणते, तू काढ. बाकावर बसून चष्मा लावते आणि वाचते. दोन भावांची नावं, आणि त्यांच्या खाली तिसऱ्या ओळीत माझं. चौथीपर्यंतची शाळा तेवढं वाचायला पुरते.